काकाजी, आधी खिशातला पेन काढा

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून ३१ ऑगस्टला, वयाच्या ५८व्या वर्षी मी निवृत्त झालो. घरी बसवत नाही म्हणून मिहानमधल्या एका खासगी कंपनीत हिशेबाचा सल्लागार म्हणून काम धरलं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं आहे. त्यांचा मेल आला, त्यात लिहिलंय की सोमवार ते गुरुवार ‘बिझनेस कॅज्युअल’ आणि शुक्रवारी ‘स्मार्ट कॅज्युअल’. त्याच शुक्रवारी रात्री वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात सपत्नीक जेवण आहे, तिथेही स्मार्ट कॅज्युअलच. मी तीस वर्षं सफारीत काढली. मुलगी म्हणते, बाबा, जीन्स घ्या. साडभाऊ म्हणतात, सूट शिवा. आम्हाला कॅज्युअल म्हटलं की वर्षाला आठ मिळणारी किरकोळ रजा तेवढी माहीत. या दोन शब्दांत फरक काय? सौ. विचारते, तिने काय नेसावं? आणि घरात चार सफारी आहेत, त्यांचं काय करू?
– सफारीवाला, मानेवाडा, नागपूर

काका,

किरकोळ रजेपाशी येऊन मी हसलो. मग लक्षात आलं, की उत्तर तुम्हीच देऊन बसलाय. किरकोळ रजेचा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ. त्या दिवशी माणूस घरी असतो, पण कागदोपत्री तो कामावर असल्यासारखाच धरतात. बिझनेस कॅज्युअलचं अगदी तसंच आहे. टाय रजेवर, सूट रजेवर, माणूस मात्र ड्युटीवर. कॉलर, इस्त्री, पट्टा, बूट सगळ्यांची हजेरी लागलीच पाहिजे.

स्मार्ट कॅज्युअल दुसऱ्या टोकाकडून सुरू होतं. समजा, रविवारी संध्याकाळी तुम्ही फुटाळ्यावर फिरायला गेलात आणि समोरून तुमचे जुने सीईओ साहेब सहकुटुंब आले. अंगावरच्या कपड्यांची लाज न वाटता दोन मिनिटं उभं राहून बोलता आलं, तर ते स्मार्ट कॅज्युअल. इथे माणूस खरोखर सुट्टीवर आहे, फक्त टापटीप आहे. (यातला ‘स्मार्ट’ म्हणजे हुशार नाही आणि देखणाही नाही. इंग्रज लोक नीटनेटक्याला स्मार्ट म्हणतात, तो अर्थ.) म्हणजे पहिला ऑफिसातून घराकडे निघालाय आणि दुसरा घरातून बाहेर पडलाय. एक वर्धा रोडने येतो, एक कामठी रोडने, आणि झिरो माइलच्या आसपास दोघांची गाठ पडते. त्या जागी दोघांच्या अंगावर एकसारखेच कपडे असू शकतात, म्हणून माणसं गोंधळतात.

गोंधळ एकट्या मानेवाड्यातलाही नाही. १९६० च्या दशकात हवाई बेटांवरच्या कापड-व्यावसायिकांनी आपले फुलाफुलांचे शर्ट खपावेत म्हणून खटपट केली, की शुक्रवारी ऑफिसात ते घालायला परवानगी द्या. ती मिळाली, त्याला ‘अलोहा फ्रायडे’ नाव पडलं आणि ती टूम हळूहळू अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोचली. तिथल्या साहेबलोकांची पंचाईत झाली. सूट काढायचा ठीक आहे, पण मग घालायचं काय? कुणी टी-शर्टात यायला लागलं, कुणी चड्डीत. १९९२ साली लेव्हाय स्ट्रॉस या जीन्सवाल्या कंपनीने ऑफिसात काय घालावं याची एक पुस्तिका काढली आणि ती हजारो कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना धाडली. त्यांचा हेतू धर्मादाय नव्हता. १९८६ पासून ती कंपनी ‘डॉकर्स’ नावाच्या सुती पॅन्ट विकत होती आणि पुस्तिकेतल्या माणसाने सुती पॅन्टच घातलेली होती. ड्रेस कोडच्या पोटात बऱ्याचदा कुणाचं तरी दुकान असतं, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे खर्च आटोक्यात राहील.

आणि ती सुती पॅन्ट, जिला आता मॉलमध्ये ‘चिनो’ म्हणतात, ती म्हणजे आपली खाकीच की. खाक म्हणजे धूळ, धुळीच्या रंगाची ती खाकी. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीने हा रंग अंगावर चढवला, तिथून तो जगभर गेला आणि आता तुमची मुलगी तो तुम्हाला विदेशी फॅशन म्हणून दाखवेल. दाखवू द्या.

आपल्याकडेही वारं बदललंय. एकेकाळी टायचा आग्रह धरणाऱ्या इन्फोसिसने २०१५ मध्ये रोजच्या रोज कॅज्युअल घालायला मोकळीक दिली. गोल्डमन सॅक्ससारख्या कडक इस्त्रीच्या बँकेनेही २०१९ मध्ये सुटाची सक्ती सोडली. तेव्हा साडभाऊंना सांगा, सूट नको.

सुटाबद्दल, खरं तर टायबद्दल, माझा एक अनुभव आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसातून परस्पर धंतोलीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. ताप होता. गळ्यात टाय, खांद्याला काळी बॅग, हातात हेल्मेट. काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली, “एमआरची वेळ दोननंतर आहे, बाहेर बसा.” (एमआर म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी.) मी म्हटलं, मी पेशंट आहे. तिने टायकडे पाहिलं आणि म्हणाली, “हो ना, सगळे तसंच म्हणतात.” पाऊण तास बाहेर बसलो. टाय वाईट नसते. पण प्रत्येक गावात एखाद्या कपड्याला एक ओळख चिकटलेली असते, आणि दुचाकीवरच्या टायला आपल्या गावात कोणती चिकटलीय ते तुम्ही जाणताच. तुमच्या नव्या ऑफिसात पंचविशीतली पोरं असणार. त्यांच्यात तुम्ही सूट-टायमध्ये गेलात, तर पोरं उभी राहतील आणि तुम्हाला ऑडिटर समजून फायली लपवतील.

आता सोमवारचं बघू.

पॅन्टपासून सुरुवात करा, कारण सरकारी माणूस पॅन्टवरून ओळखू येतो. पट्ट्याखाली दोन्हीकडे दोन-दोन प्लेट, मांडीपाशी घेर, आणि पोटाच्या मध्यावर चढवलेली. प्लेट काढून टाका. पुढून सपाट, पायाशी जरा निमुळती, लांबी अशी की बुटावर कापडाची एकच हलकी घडी पडावी. पोटाचं म्हणाल, तर पॅन्ट पोटावरही नको आणि पोटाखालीही नको, बेंबीच्या दोन बोटं खाली बसली पाहिजे. एकदा आरशासमोर बाजूने उभं राहून पाहा, मी काय म्हणतो ते कळेल. गडद निळी आणि राखाडी अशा दोन पॅन्ट पुरेत. तिसरी घ्यायचीच तर ती खाकी.

शर्ट फुल बाहीचा, सुती, फिका. पांढरा, आकाशी, बारीक रेघांचा किंवा अगदी बारीक चेक्सचा. मोठाल्या चौकड्या, चमकणारं कापड, काळ्या बटणांचा जांभळा शर्ट, हे सगळं बाद. शर्ट इन करायचाच. टाय नसली की कॉलर पसरते, दुपारपर्यंत पापडासारखी आडवी होते, आणि सगळा रुबाब तिथेच जातो. यावर जुना उपाय आहे तो टोकांना बारीक बटणं असलेल्या कॉलरचा. पोलो खेळणारे कॉलर वाऱ्याने फडफडू नये म्हणून ती टोकं बटणांनी बसवायचे. ते पाहून ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकन दुकानाने १८९६ च्या सुमारास तसे शर्ट आणले. तुम्ही घोड्यावर बसणार नसलात तरी मानेवाडा ते मिहान स्कूटरवर जाणार आहात, वारा तोच. एक तरी शर्ट असा घ्या.

हाफ बाहीबद्दल शहाणे लोक नाक मुरडतात. मला विचाराल तर नागपुरात मार्च ते जून हाफ बाहीला माफी आहे. ज्यांनी नियम लिहिले त्यांनी पंचेचाळीस अंशांत खापरीच्या सिग्नलला गाडी थांबवलेली नाही. पण तुम्ही नोव्हेंबरात रुजू होताय, तेव्हा सध्या फुल बाहीच. दुपारी गरम झालं तर बाह्या दोन घड्या दुमडा, कोपराच्या वर नेऊ नका. कोपराच्या वर गेल्या की माणूस पंगतीत वाढायला निघाल्यासारखा दिसतो.

बूट चामड्याचे, तपकिरी किंवा काळे, आणि पट्टा त्याच रंगाच्या जवळचा. लेसच्या बुटांचा कंटाळा असेल तर साधे लोफर चालतील. पायमोजे पॅन्टच्या रंगाचे. पांढरे मोजे सकाळी अंबाझरीला चालायला जाताना. सँडल, विशेषतः ते वेल्क्रोवाले, माझ्यासमोर काढू नका.

कपडे घेणं सोपं आहे काका, सोडणं अवघड. तुमच्या शर्टाच्या खिशात या क्षणी काय आहे ते मी न पाहता सांगतो. दोन पेन, त्यातला एक लाल. चष्म्याची केस. घडी घातलेली एक पावती. बहुतेक बस पासाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलेला पांडुरंगाचा किंवा ताजुद्दीन बाबांचा फोटो. पट्ट्याला मोबाइलचं पाकीट आणि पलीकडच्या बाजूला किल्ल्यांचा जुडगा. हे सगळं एका पिशवीत घाला, हवं तर चांगली चामड्याची पिशवी घ्या, आणि खिसा रिकामा ठेवा. फोटोही पिशवीत राहील, आशीर्वाद कमी व्हायचा नाही. पाच हजारांच्या शर्टाची जी कळा या खिशाने जाते, ती पाचशेच्या शर्टाची रिकाम्या खिशाने वाढते. आणि पांढऱ्या शर्टाआतून बाह्यांची बंडी दिसते, ती बदला. बिनबाह्यांची किंवा अंगाच्या रंगाची घ्या.

आता खर्च. निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर पॅन्ट-शर्टचे पीस मिळाले असतील. वर्षानुवर्षांच्या लग्नांत आलेल्या आहेराचेही असतील, लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबरगोळ्यांसह. ते काढा. चमकणारे बाजूला ठेवा, ते पुढच्या लग्नात पुढे जातील, तीच त्यांची नियती आहे. उरलेल्यांत एखाददुसरा सुती किंवा टेरीवूलचा साधा पीस निघेलच. कमी पडलं तर गांधीबागेत जा. मात्र एक सांगतो, तुमचा जुना टेलर हात सवयीने चालवील आणि १९९५ ची पॅन्ट शिवून देईल. नमुन्याला नीट बसणारी एक रेडीमेड पॅन्ट घ्या आणि त्याच्यापुढे ठेवा. म्हणावं, अशी. तोंडी सांगितलेलं टेलर ऐकत नाहीत.

(ती रेडीमेड पॅन्ट घ्यायला एम्प्रेस मॉलला गेलात, तर जरा थांबून जागेकडे पाहा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू केली ती याच आवारात. जिथे कापड विणायचे तिथे आता आपण दुसरीकडचं कापड विकत घेतो.)

शुक्रवार.

इथे तुमच्या मुलीचं ऐकायला हरकत नाही, पण अर्धंच. जीन्स चालते. गडद निळी, सरळ, कुठेही उडवलेला रंग नाही, गुडघ्यावर फाटकी नाही. पहिल्या शुक्रवारी मात्र चिनोच घाला, लोक काय घालतात ते पाहा, आणि जीन्स दुसऱ्या शुक्रवारी. वर कॉलरचा टी-शर्ट किंवा मऊ सुती शर्ट. शुक्रवारी शर्ट बाहेर सोडता येतो, पण कोणताही नाही. ज्याची खालची कड बाजूंना गोल चढलेली असते तो इन करण्यासाठी बेतलेला असतो, त्याची शेपटी बाहेर लोंबते. ज्याची कड सरळ असते तो बाहेर सोडायचा, आणि तोही चेनच्या निम्म्यापर्यंत यावा, त्याखाली गेला तर नाइटशर्ट. पायांत लोफर किंवा साधे पांढरे स्नीकर, धुतलेले. आखूड सुती कुर्ता आणि कोल्हापुरी हेही स्मार्ट कॅज्युअलमध्ये छान बसतं. जीन्सवर कुर्ता मला स्वतःला आवडत नाही, विद्यार्थी चळवळीतले दिवस आठवतात, पण तो माझा प्रश्न.

रात्रीच्या जेवणाला दिवसभराचा चुरगळलेला शर्ट नको. एक इस्त्रीचा शर्ट हँगरला लावून सोबत न्या आणि तिथेच बदला, मानेवाड्याची फेरी वाचेल. गारवा असेल तर वर गडद निळा ब्लेझर, साध्या बटणांचा. सोनेरी बटणांचा घेऊ नका, लग्नातला बँड जवळपास आहे असं वाटतं. ब्लेझर म्हणजे सुटाचा वरचा भाग नव्हे, त्याची पॅन्ट वेगळ्या रंगाची असते, तीच त्याची गंमत. नेहरू जॅकेटही चाललं असतं, पण थोड्याच दिवसांत हिवाळी अधिवेशन येतं. डिसेंबरात नागपुरात जॅकेट घातलेला अठ्ठावन्नचा माणूस दिसला, की कुणीतरी निवेदन घेऊन मागे लागतं.

वहिनींना सांगा, पैठणी नको. पैठणी नेसली की बाकीच्या बायकांना वाटतं आपण काहीतरी विसरलो, कुणाचा वाढदिवस तर नाही ना. त्यांच्याकडे करवतकाठी असेल तर तीच काढा. नसेल तर हे निमित्त धरून घ्या. भंडाऱ्याकडे आंधळगाव, मोहाडीला विणतात, कोशाचं कापड आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. भौगोलिक मानांकन मिळालेली आपल्या विदर्भाची साडी आहे, पण आपणच लग्नात ती सोडून भलतीकडे धावतो. कोशाचा रंग मुळातच शांत, मधाचा. साधं ब्लाउज, गळ्यात एकच काही तरी, पायांत सपाट चप्पल. त्या जेवणात सगळ्यात नेमक्या कपड्यांत त्याच असतील, पैज. सलवार-कुर्ता नेसत असतील, म्हणजे घालत असतील, तर तोही उत्तम, फक्त जरीचा नको.

एवढं करूनही शंका राहिलीच तर कंपनीतल्या ज्या मुलीने मेल पाठवला तिला सरळ फोन करा. “ड्रेस कोड काय?” असं विचारू नका, ती मेलमधलंच वाचून दाखवेल. “बाळ, तुमच्याकडे मॅनेजर लोक सोमवारी काय घालून येतात?” असं विचारा. उत्तर दोन वाक्यांत मिळेल. आणि तरीही डळमळलात तर एक पायरी वरचं घाला. ब्लेझर खुर्चीला अडकवता येतो, बाह्या दुमडता येतात. टी-शर्टाला ऐनवेळी कॉलर फुटत नाही.

राहिली सफारी. सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस नाही. सफारीत वरखाली एकच कापड असतं, म्हणजे ती मनाने सूटच आहे, फक्त बाहीने आखूड. बिझनेस कॅज्युअलमध्ये हीच जोडी फोडायची असते. चारपैकी एखादीची पॅन्ट साध्या रंगाची असेल तर प्लेट काढून ती वाचवता येईल, टेलरला दाखवा. वरचे चार डगले मात्र तसेच जपून ठेवा. पुतण्याचं साक्षगंध येईलच की कधीतरी. खुशाल घालून जा, चारी खिसे भरून, लाल पेनासकट. तिथे ड्रेस कोड कुणी विचारत नाही. “काकाजी, जेवले काय?” एवढंच विचारतात.